इंग्रजीत 'म्हणजे नक्की काय?' विचारायला शिकवणारा ऑनलाइन कोर्स: ऑडिओ भारी, क्विझ टुकार

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईतल्यांना पुढचं सगळं वाचायला नको. ऑडिओचे धडे मस्त, क्विझ टुकार, आणि बोलायचा सराव घेणारा बॉट अर्धा उपयोगी अर्धा विनोदी. घ्या असंच म्हणेन, पण कसा वापरायचा ते नीट बघून घ्या. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण या प्रकारच्या बहुतेक कोर्सेसचा साचा सारखाच असतो, तुम्ही दुसरा कुठला घेत असाल तरी काय तपासायचं ते यातून कळेल.

विषय एकदम छोटा आहे. समोरचा इंग्रजीत काहीतरी बोलला आणि आपल्याला ऐकू आलं नाही, किंवा ऐकू आलं पण कळलं नाही, किंवा कळलं पण खात्री नाही, तर विचारायचं कसं. बस एवढंच. ज्यांना इंग्रजी बऱ्यापैकी येतं पण मीटिंगमध्ये नुसतीच मान हलवून मोकळे होतात त्यांच्यासाठी बनवलेला कोर्स आहे, अगदी ए बी सी डी पासून सुरुवात करणाऱ्यांनी यात पडू नये.

आता 'एवढ्याशा गोष्टीवर आख्खा कोर्स कशाला' असं वाटेल, पण हे 'काय? कोण? म्हणजे?' प्रकरण आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी पट जास्त वेळा घडतं. मार्क डिंगेमान्स नावाचे भाषाशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ भाषांमधल्या रोजच्या गप्पांची रेकॉर्डिंग्ज तपासली होती, २०१५ साली तो अभ्यास छापून आला, आणि त्यात असं निघालं की सरासरी दर १.४ मिनिटांना कोणीतरी कोणालातरी मध्येच थांबवून परत विचारतंच. तेही आपापल्या मातृभाषेत बोलताना! मग परक्या भाषेत बोलताना काय होत असेल ते बघा. त्याच अभ्यासात अजून एक कामाची गोष्ट आहे: लोक साधारण तीन तऱ्हेनं विचारतात. एक म्हणजे नुसतंच मोघम 'हां? काय?', दुसरं म्हणजे नेमका तुकडा पकडून 'कोण म्हणालास?', आणि तिसरं म्हणजे आपल्याला जे कळलं ते समोर ठेवून 'म्हणजे अमुकच ना?' आणि शक्य असेल तेवढं नेमकं विचारायचा माणसाचा कल असतो, कारण मोघम विचारलं की सगळी मेहनत समोरच्यावर पडते. हे तीन प्रकार डोक्यात ठेवा, माझी अर्धी तक्रार यावरूनच आहे.

कारण या कोर्सने सगळी वाक्यं मांडलीत ती नम्रतेच्या हिशोबाने. प्रत्येक वाक्याला स्टार. 'व्हॉट?' ला एक स्टार, 'सॉरी?' ला दोन, 'कुड यू रिपीट दॅट, प्लीज?' ला चार आणि 'वुड यू माइंड क्लॅरिफाइंग दॅट फॉर मी?' ला पाच. दिसायला छान दिसतं, स्क्रीनशॉट काढून ठेवावासा वाटतो, पण अहो हे एकाच प्रश्नाचे चार अवतार नाहीतच मुळी! 'रिपीट' म्हणजे मला ऐकू आलं नाही, परत बोला. 'क्लॅरिफाय' म्हणजे ऐकू आलं, पण त्याचा अर्थ दोन-तीन तऱ्हेनं लागतोय, नक्की कुठला तो सांगा. नेटवर्क तुटलं म्हणून वाक्य हुकलं आणि तुम्ही पाच स्टारच्या मोहात 'कुड यू क्लॅरिफाय' म्हणालात तर समोरचा बिचारा जे तुम्ही ऐकलंच नाही ते उलगडून सांगत बसेल. आणि अर्थ लागला नाही म्हणून 'कुड यू रिपीट' म्हणालात तर तेच वाक्य जसंच्या तसं परत येईल, फक्त जरा मोठ्याने. नम्रता नंतर बघू, आधी आपलं नक्की काय अडलंय ते वाक्यात आलं पाहिजे की नाही.

गंमत म्हणजे ज्यांनी धडे लिहिलेत त्यांना हे नीट माहितीये. कारण चौथा की पाचवा धडा आहे तो 'कॅच', 'गेट', 'फॉलो' आणि 'अंडरस्टँड' यावरच आहे आणि तो एकदम चोख जमलाय. 'आय डिडन्ट कॅच दॅट' हे कानाचं प्रकरण, शब्द निसटले. 'आय डिडन्ट गेट दॅट' कानाचंही असू शकतं आणि डोक्याचंही, म्हणून समोरचा कधीकधी गोंधळतो की परत बोलू की समजावून सांगू. 'आय डोन्ट फॉलो' म्हणजे एकेक वाक्य कळतंय पण हे त्याच्याला कुठे जोडलंय ते कळेना. आणि 'आय ॲम नॉट शुअर आय फॉलो' हे तर वेगळंच रसायन आहे. वरवर 'माझ्या लक्षात येत नाहीये' असं वाटतं, पण एखाद्या अनुभवी माणसाने मीटिंगमध्ये शांतपणे हे म्हटलं तर बऱ्याचदा त्याचा अर्थ 'तू जे बोलतोयस त्यात काही दम नाही, परत विचार कर' असा असतो. धड्यात हाच संवाद दोनदा आहे, एकदा खरंच न कळलेल्या नवीन माणसाच्या तोंडी आणि एकदा वरच्या साहेबाच्या तोंडी, शब्द अगदी तेच, आणि दुसऱ्या वेळी समोरच्याचा आवाज कसा खाली येतो ते ऐका.

'क्लॅरिफाय', 'एक्सप्लेन', 'इलॅबोरेट' चा धडाही ठीक आहे. थोडक्यात, 'एक्सप्लेन' म्हणजे कसं आणि का ते समजावा, 'इलॅबोरेट' म्हणजे कळलंय पण अजून सांगा. म्हणून कोणी तुम्हाला 'कुड यू इलॅबोरेट?' म्हटलं तर तीच गोष्ट सोपी करून सांगत बसू नका, त्याला सोपं नकोय, जास्त हवंय. पण या धड्यातली खरी कामाची गोष्ट खाली बारीक अक्षरात टीप म्हणून ढकललीये, का ते देव जाणे. ती म्हणजे या तिघांची व्याकरणाची खोड. 'एक्सप्लेन मी' चालत नाही, 'एक्सप्लेन इट टू मी' लागतं. 'मला समजाव' वरून उचलून आपण सर्रास 'एक्सप्लेन मी' म्हणतो आणि इंग्रजीत त्याचा अर्थ 'मी काय चीज आहे ते सांग' असा होतो. 'इलॅबोरेट' ला 'ऑन' लागतं, 'क्लॅरिफाय' ला लागत नाही, पण मेलमध्ये बघा, दर दुसरा माणूस 'प्लीज क्लॅरिफाय ऑन धिस' लिहून मोकळा. हे मोठ्या अक्षरात हवं होतं.

आता ज्या धड्यासाठी मी हा कोर्स घ्या म्हणते तो धडा. 'व्हॉट डू यू मीन?' चा. एकच बाई एकच वाक्य चार वेळा बोलते, मध्ये दोन सेकंद शांतता. पहिल्यांदा जोर 'मीन' वर, आवाज जरासा वर, साधं कुतूहल, 'म्हणजे काय?' दुसऱ्यांदा जोर 'यू' वर, म्हणजे बाकीच्यांचं ऐकलं, तुझ्या मते काय ते सांग. तिसऱ्यांदा 'व्हॉट' लांबवून, आवाज खाली येत येत, 'काय बोलतोयस तू हे?', इथे उत्तर नकोच आहे, इथे नाराजी आहे. चौथ्यांदा भरभर, जवळजवळ हसत, मित्राला म्हणावं तसं, 'ए म्हणजे काय म्हणजे!' मग तीच बाई मागे 'बाय दॅट' जोडून परत म्हणते, आणि अंगावरच येतं राव. 'व्हॉट डू यू मीन बाय दॅट?' यातल्या 'बाय दॅट' मुळे बोट त्या नेमक्या शब्दावर ठेवलं जातं. 'व्हॉट डू यू मीन बाय फ्लेक्सिबल?' असं एखाद्या संज्ञेबद्दल विचारलं तर चालतं, कोणी मनावर घेत नाही, पण मोकळं 'बाय दॅट' आलं की समोरच्याला वाटतं आपण काहीतरी लागट बोललो आणि आता झाडाझडती होणार.

त्याच धड्यात 'हाउ डू यू मीन?' पण आहे. हे बऱ्याच जणांना चुकीचं इंग्रजी वाटतं, पण चुकीचं अजिबात नाही, ब्रिटिश लोक बोलताना वापरतात, 'कुठल्या अर्थाने म्हणताय' या अंगाने, आणि 'व्हॉट डू यू मीन' पेक्षा ते जरा मऊ पडतं. आणि 'व्हॉट डू यू मीन?' आणि 'व्हॉट डज इट मीन?' यातला फरक तर शाळेतच सांगायला हवा, एकात माणसाला विचारतोय आणि एकात शब्दाला. एखादा शब्द माहीत नसेल तर 'व्हॉट डज दॅट मीन?' म्हणा, समोरच्याला उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

'सॉरी', 'पार्डन', 'एक्सक्यूज मी' चा धडा आला की मात्र ते स्टारवालं प्रकरण पार कोसळतं. कोर्स म्हणतो 'पार्डन?' चार स्टार आणि 'व्हॉट?' एक स्टार. आता बघा, १९५४ साली ॲलन रॉस नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने तिथल्या उच्चवर्गाच्या बोलण्याच्या खुणा नोंदवल्या होत्या, त्यात ऐकू न आल्यावर 'व्हॉट?' म्हणणं ही वरच्या वर्गाची खूण आणि 'पार्डन?' म्हणणं ही त्या वर्गाबाहेरच्याची खूण! म्हणजे जे आपण जास्त सभ्य समजून घोकतो त्यावरच तिकडची खानदानी मंडळी नाक मुरडायची. आज कोणी एवढं धरून बसत नाही आणि तुम्ही 'पार्डन' म्हणालात म्हणून काही बिघडणार नाही, आणि अनोळखी माणसाला 'व्हॉट?' म्हणावं असंही मी सांगत नाहीये, पण शब्दाला स्टार देऊन नम्रता मोजता येत नाही हे तरी कोर्सने मान्य करावं. जे काही आहे ते सुरात आहे. 'एक्सक्यूज मी?' वर जाणाऱ्या आवाजात म्हटलं तर, विशेषतः अमेरिकन बोलण्यात, 'काय म्हणालात?' एवढंच. तेच 'मी' वर जोर देऊन ताणून म्हटलं की 'तुझी हिंमत कशी झाली'. 'आय बेग युअर पार्डन' चंही तेच, उलट जास्तच. हे सगळं ऑडिओत आहे, नीट आहे, फक्त लेखी भागाला त्याचा पत्ता नाही. दोन वेगळ्या टीमने बनवलंय की काय अशी शंका येते.

आता क्विझ. एक नमुना देते म्हणजे अंदाज येईल. प्रसंग असा: तुमचे मॅनेजर म्हणतात 'सेंड मी द फाइल', तुम्हाला कळलं नाही कुठली, तर काय म्हणाल? पर्याय तीन, 'व्हिच फाइल?', 'व्हॉट फाइल?' आणि 'कुड यू प्लीज स्पेसिफाय द फाइल?' उत्तर तिसरं. का? तर जास्त स्टार. संपलं, पुढचा प्रश्न. अरे पण पहिल्या दोनातच तर खरी मजा होती ना! 'व्हिच फाइल?' म्हणजे फाइली आहेत, मला माहीत आहेत, त्यातली कुठली ते सांगा. 'व्हॉट फाइल?' म्हणजे फाइल? कसली फाइल? अशी काही फाइल आहे हेच मी पहिल्यांदा ऐकतोय. एका शब्दाच्या फरकाने तुम्ही तयारीतला माणूस वाटता किंवा अंग झटकणारा माणूस वाटता. हा फरक शिकवायचं सोडून 'स्पेसिफाय' ला हिरवी टिक. आणि खरं सांगायचं तर रोजच्या बोलण्यात 'कुड यू प्लीज स्पेसिफाय द फाइल' इतकं कडक वाटतं की मॅनेजरलाच वाटावं की आपलं काहीतरी चुकलं.

बॉटचं सांगते. तो एक वाक्य बोलतो, तुम्ही अडवून विचारायचं, तो उत्तर देणार. तो म्हणाला रिपोर्ट शुक्रवारपर्यंत गेला पाहिजे. मी मुद्दाम मोघम टाकून बघितलं, 'कुड यू प्लीज क्लॅरिफाय?' लगेच हिरवी टिक, 'एक्सलंट!', आणि मग साहेबांनी तेच वाक्य जसंच्या तसं परत म्हटलं. परत तेच विचारलं, परत एक्सलंट, परत तेच वाक्य. असं दिवसभर चालू शकलं असतं. मग विचारलं, 'बाय फ्रायडे, मीनिंग फ्रायडे मॉर्निंग ऑर एंड ऑफ डे?' तर पहिल्या फटक्यात नेमकं उत्तर मिळालं, पण मार्क कमी, कारण 'प्लीज' नव्हतं! म्हणजे वर म्हटलेला तो तिसरा प्रकार, आपल्याला काय कळलं ते समोर ठेवून विचारणं, तो प्रत्यक्षात सगळ्यात पटकन काम करतो आणि इथे त्याचेच मार्क कापतात. बॉटला चांगलं म्हणावं अशी एक गोष्ट आहे, 'वुड यू माइंड रिपीटिंग दॅट?' ला तो 'नो, नॉट ॲट ऑल' म्हणतो आणि सांगतो. पुढे तो तुम्हाला हाच प्रश्न उलटा विचारतो आणि 'येस' म्हटलंत तर थांबवून समजावतो की तुम्ही शब्दशः 'हो, मला त्रास होईल' म्हणालात. समोरासमोर 'येस, शुअर' म्हणून परत बोलायला लागलं तर कोणाचाच गैरसमज होत नाही म्हणा, पण नुसत्या चॅटवर एकटं 'येस' विचित्रच दिसतं.

मेलवरचा भाग छोटा आहे, अजून हवा होता, कारण तिथे सूर नसतो आणि सगळा भार शब्दांवरच येतो. नुसतं 'प्लीज क्लॅरिफाय' एवढंच लिहून पाठवलेला मेल हा कारणे दाखवा नोटिशीसारखा वाटतो, मग त्यात कितीही 'प्लीज' असो. त्याच्या जागी 'तिसऱ्या मुद्द्यात अमुक म्हणायचंय की तमुक' एवढं जोडलं की तोच मेल निरुपद्रवी होतो. 'जस्ट टू क्लॅरिफाय' आणि 'जस्ट टू बी क्लिअर' मधला फरक मात्र त्यांनी छान पकडलाय. पहिल्याने प्रश्नही विचारता येतो, आपलं बोलणंही सुधारून घेता येतं. दुसऱ्याला जरा धार आहे, 'एक गोष्ट नीट लक्षात घ्या' अशी. 'सो व्हॉट यू आर सेइंग इज' बद्दल सावध केलंय हेही बरं केलं, वादात हे आलं की पुढे आपलं म्हणणं वाकवून आपल्यालाच परत मिळणार हे ठरलेलं असतं. 'इफ आय अंडरस्टूड यू करेक्टली' त्यापेक्षा सुरक्षित, कारण चूक झालीच तर माझ्या समजण्यात झाली असं आधीच कबूल केलेलं असतं. आणि 'करेक्ट मी इफ आय ॲम राँग' म्हणणारा माणूस आपण बरोबरच आहोत याची पुरती खात्री करूनच आलेला असतो, हे कोर्समध्ये नाही, हे माझं.

'आय हॅव अ डाउट' वर कोर्सने सरळ लाल फुली मारलीये आणि ते मला फारसं पटलं नाही. ज्या गटात सगळेच शंका या अर्थाने 'डाउट' म्हणतात तिथे काही अडत नाही. पण इतर लोकांना 'डाउट' म्हणजे अविश्वास वाटतो, तुमच्या बोलण्यावर माझा भरवसा नाही असं, म्हणून गट मिश्र असेल तर 'आय हॅव अ क्वेश्चन अबाउट' बरं. एवढी समज दिली असती तर बास होतं, लाल फुली कशाला.

शेवटी एक बोनस धडा आहे, तो बरेच जण सोडून देतील पण सोडू नका. विमानाच्या रेडिओवरची भाषा. तिथे परत बोला म्हणायला 'से अगेन' म्हणतात. सैन्याच्या रेडिओवर तर 'रिपीट' मुद्दाम टाळतात, कारण तोफखान्यात 'रिपीट' म्हणजे त्याच जागी परत मारा करा! आणि वैमानिक 'कन्फर्म' म्हणतो तेव्हा तो 'मी बरोबर ऐकलं का ते तपासून सांगा' असं विचारत असतो. 'से अगेन' ऐकू न आल्यावर, 'कन्फर्म' खात्री करायला, एका कामाला एक शब्द, आणि 'वुड यू माइंड' वगैरे काही नाही. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीत वैमानिक आणि कंट्रोलर यांच्या इंग्रजीची सहा पातळ्यांची मोजपट्टी आहे, त्यात किमान चौथी पातळी लागते, आणि त्या चौथ्या पातळीच्या वर्णनातच लिहिलंय की गैरसमज झालाय असं वाटलं तर विचारून, खात्री करून, स्पष्ट करून घेता आलं पाहिजे. म्हणजे नीट विचारता येणं हा तिथे भाषा येण्याचाच भाग धरलाय. हा धडा पहिला ठेवला असता आणि सगळा कोर्स त्या पद्धतीने रचला असता तर मी पाचपैकी पाच दिले असते.

आत्ता साडेतीन देते. ऑडिओ डाउनलोड होत नाही, वेग कमी केला की आवाज फाटतो आणि सूर ऐकायचा तो ऐकूच येत नाही, म्हणून आहे त्याच वेगाने दोनदा ऐका. सर्टिफिकेट क्विझच्या मार्कांवर आहे, ते हवं असेल तर डोळे मिटून सगळ्यात लांब पर्याय निवडत जा, पास व्हाल. आणि सबटायटल आधीपासून चालू असतात ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, नाहीतर नजर तिकडेच जाते आणि ती बाई चार वेळा काय वेगळं बोलली तेच कळत नाही, स्क्रीनवर चारही वेळा 'व्हॉट डू यू मीन' एवढंच दिसतं.